पीएफ मोडून जागा घ्यावी का? नाशिकच्या सिडकोतल्या एका दांपत्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी ५२ वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पत्नी ४७ वर्षांची, २००८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सिडकोत स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. माझ्या पीएफमध्ये ४१ लाख आहेत आणि दोघांच्या मिळून १४ लाखांच्या एफडी आहेत. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेव्हण्याने सिन्नरकडे, समृद्धी महामार्गापासून जवळ, ५ गुंठे जमीन बघितली आहे. निम्मे पैसे आम्ही घालावेत असं तो म्हणतो. शनिवारी ५१ हजार विसार द्यायचा आहे. पत्नीला मात्र पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा असं वाटतं. जागेत गुंतवणूक आम्ही कधीच केलेली नाही. पीएफ काढून हे करावं का? सुरुवात कुठून करायची?"

भाऊ, शनिवार जवळ आला आहे म्हणून जमिनीचं आधी सांगतो. फ्लॅट आणि पीएफकडे त्यानंतर येऊ.

तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर कुठेही शेतजमीन आहे का? म्हणजे वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव आहे का? नसेल तर महाराष्ट्रात तुम्हाला शेतजमीन विकतच घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. मेव्हणा शेतकरी असेल, पण त्याचं शेतकरी असणं तुम्हाला उपयोगी पडत नाही. मग पुढची सूचना येते ती मला पाठ आहे: "जमीन माझ्या नावावर घेऊ, आपल्यात घरचा कागद करून ठेवू." ही सूचना प्रेमाने केलेली असते, पण कायद्याच्या भाषेत तिला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे आणि मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. घरच्या कागदावर तुम्हाला कोर्टात काही मागताही येणार नाही. मेव्हण्याच्या मनात काही नसेल, पण उद्या त्याला काही झालं तर त्या सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची नावं लागतील, तुमचं लागणार नाही.

दुसरी अडचण ५ गुंठ्यांचीच आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याचं स्वतंत्र खरेदीखत नोंदवण्यात अडथळा येतो. मग लोक काय करतात? दहा जण मिळून एका गट नंबरच्या जमिनीची सामाईक खरेदी करतात, जमिनीवर चुन्याने रेघा मारतात आणि प्रत्येकाला "हा तुझा तुकडा" म्हणून दाखवतात. सातबाऱ्यावर दहा नावं येतात, तुकडा मात्र कुणाचाच नसतो. रहिवासी क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करण्यासाठी सरकारने अलीकडे सवलती आणल्या आहेत. त्या झालेल्या व्यवहारांसाठी आहेत, नव्याने तसा व्यवहार करायला ती मोकळीक नव्हे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेली २७ वर्षं नाशिकमध्ये जागांचे व्यवहार बघतो आहे. सुरुवात एका वकिलांकडे शोध अहवालाची कामं करण्यापासून झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात बसून तीस-तीस वर्षांच्या नोंदी चाळायच्या आणि टिपणं काढायची. एवढं कागद चाळणं शिकूनही २००४ मध्ये, सिंहस्थ नुकताच उरकला होता तेव्हा, मी मखमलाबाद शिवारात दोघा मित्रांबरोबर एक तुकडा घेतला. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं होती, दोघांनी सह्या दिल्या. मी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कधी आणि कशी बदलली त्या नोंदी, मागे जाऊन वाचले नाहीत, कारण विकणारा ओळखीचा होता. वडील वारल्यानंतर वारसनोंद करताना बहिणींची नावं लागलीच नव्हती. तीन वर्षांनी त्यातल्या एकीने दावा लावला, आणि तिचं बरोबर होतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही असं स्पष्ट केलं. आमचे पैसे अकरा वर्षं अडकले. शेवटी त्या ताईंना त्यांचा हिस्सा देऊन तडजोड झाली. तेव्हापासून कुठल्याही जमिनीचा सातबारा हातात आला की मी आधी बहिणी किती ते विचारतो, भाव नंतर.

तुमच्या त्या जमिनीच्या सातबाऱ्यात आणखी दोन गोष्टी बघा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर नवीन शर्त, इनाम, वतन असा काहीतरी बंध असतो आणि परवानगीशिवाय विक्री चालत नाही. दुसरं म्हणजे "इतर हक्क" हा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, संपादनाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे बारीक अक्षरात बसलेलं असतं. आपल्या जिल्ह्यात आणखी एक: पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घेताना सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय झालेली खरेदी कित्येक वर्षांनीही रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत जाते, आणि जायलाच हवी. इगतपुरीकडचा "स्वस्त फार्महाऊस प्लॉट" कुणी दाखवला तर हे आधी तपासा.

आता समृद्धीबद्दल. महामार्ग खरा आहे, कागदावरचा नाही. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. कुठूनही चढता-उतरता येत नाही, फक्त इंटरचेंजवर. रस्त्याला खेटून असलेल्या शेतातून गाड्यांचा आवाज येतो, गिऱ्हाईक येत नाही. तुमच्या तुकड्यापासून इंटरचेंज किती किलोमीटर आणि तिथपर्यंत जायला नकाशावरचा रस्ता आहे का, हे दोन प्रश्न मेव्हण्याला विचारा. "बांधावरून वाट आहे" हे उत्तर आलं तर तो रस्ता नव्हे.

आणि घोषणांवर भाव देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा उल्लेख झाला. दुसऱ्या आठवड्यात मला द्वारका ते गंगापूर रोडपर्यंतच्या मालकांचे फोन, "आता मेट्रो येते, भाव वाढवायला सांगा." मेट्रो अजून आलेली नाही. ज्यांनी तेव्हा वाढीव भाव मोजला त्यांनी न झालेल्या स्टेशनचे पैसे भरले. २०२७ च्या सिंहस्थाचंही तेच चाललं आहे. कुंभ येतो तेव्हा शहराला रस्ते, पूल, घाट मिळतात, ते राहतात आणि त्याचा फायदा होतो. पण तपोवनाच्या बाजूला साधुग्रामासाठी आरक्षणं आहेत. तिकडचा प्लॉट स्वस्त मिळत असेल तर झोन दाखला आणि भाग नकाशा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका.

हे झालं जमिनीचं. आता पीएफ.

पगारदार माणसाला हा पैसा "पडून" असल्यासारखा वाटतो, कारण तो रोज दिसत नाही. पण तुमचे ४१ लाख पडून नाहीत. २०२४-२५ साठी ईपीएफचा दर ८.२५ टक्के होता. म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख ३८ हजार रुपये व्याज, आणि तुमचं स्वतःचं वार्षिक योगदान अडीच लाखांच्या आत असेल तर त्यावर कर नाही. तुम्ही रात्री झोपलेले असताना हे काम चालू असतं. भाडेकरू शोधावा लागत नाही, नळ गळत नाही.

आता वहिनींच्या फ्लॅटचं गणित याच्याशेजारी मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे, तुम्ही तुमच्या इमारतीचे घाला. समजा, पाथर्डी फाट्याला ४० लाखांचा जुना, पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा महापालिकेचा कागद) असलेला फ्लॅट आहे. नाशिक शहरात मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के पडतं. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, म्हणून खरेदी वहिनींच्या नावावर करा, ५ टक्क्यांचे २ लाख होतील. नोंदणी फी ३० हजार. वकील, शोध, बँकेचे खर्च धरून ४० हजार. पंखे, ट्रॉल्या, जाळ्या, रंग यांना दीड लाख. झाले ४४ लाख २० हजार. भाडं १२ हजार धरू. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतंच, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ३२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी ७ हजार, दुरुस्ती १२ हजार वजा करा. हातात ९५ हजार राहतात, म्हणजे सव्वादोन टक्क्यांनाही थोडं कमीच.

हेच ४४ लाख २० हजार तुमच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, पीएफच्या ८.२५ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ७१ लाख होतात. फ्लॅटचं भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं आणि ते सगळं तुम्ही ६ टक्क्यांनी साठवत गेलात तरी सहा वर्षांत साडेसात लाखांच्या आत-बाहेर जमतात. बाकीची भरपाई फ्लॅटच्या किमतीने करायची. म्हणजे ४० लाखांचा फ्लॅट सहा वर्षांत ६४ लाखांना विकला गेला पाहिजे, तोही नफ्यावरचा कर भरण्याआधी. सहा वर्षांत दीडपटीहून जास्त. इमारत तोवर आणखी जुनी झालेली असेल आणि शेजारी तीन नव्या उभ्या असतील. असं होतच नाही असं मी म्हणत नाही. गंगापूर रोडच्या काही भागांत मी ते होताना बघितलं आहे. पण निवृत्तीचा पैसा या भरवशावर लावायला मी कुणालाही सांगणार नाही.

कर्ज काढून फ्लॅट आणि पीएफ काढून फ्लॅट यांत फरक आहे, हे इथे लक्षात घ्या. कर्जाला पगार पुरवठा करतो. पीएफ काढला की पुढच्या सहा वर्षांचं चक्रवाढ व्याज कायमचं गेलं, आणि काढलेली रक्कम परत भरायची सोय नाही.

नियमांचं सांगायचं तर पीएफमधून घरासाठी मिळणारी रक्कम राहण्याच्या घरासाठी किंवा घर बांधायच्या जागेसाठी असते, आणि मिळकत स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असावी लागते. मेव्हण्याबरोबर भागीदारीत शेताचा तुकडा त्यात कुठेच बसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या १३ वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून तीन गट करायचं ठरवलं आणि किमान २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायची अट घातली. तेव्हा "माझ्या भावाने ९० टक्के काढले होते" हे ऐकून निर्णय घेऊ नका. अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम पीएफ कार्यालयात विचारा. वहिनी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या म्हणजे त्यांना जुनी पेन्शन नसून एनपीएस, म्हणजे योगदानावर चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना, असेल. घरासाठी त्यातून स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण ती तर त्यांची उद्याची पेन्शनच आहे. तिला हात नको.

एक काका आठवतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, सगळं मिळून जेल रोडला एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले. "एक माझ्या पोटासाठी, एक मुलासाठी." पाचेक वर्षांनी बायपास करायची वेळ आली. घरात रोख अडीच लाख. एक फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, आणि गिऱ्हाइकाच्या बँकेने पूर्णत्वाचा दाखला मागितला. तो नव्हता. जुन्या नाशिककरांना "कपाटा"चा प्रश्न आठवत असेल. कपाटासाठी सोडलेली जागा खोलीत घेतल्याने चटईक्षेत्र वाढलं आणि शहरातल्या असंख्य इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले कित्येक वर्षं रखडले. काकांची इमारत त्यातली. दाखल्याविना कर्ज मिळेना, कर्जाविना गिऱ्हाईक टिकेना. ऑपरेशन जावयाने पैसे उभे केले म्हणून झालं. काकांनी मला विचारलं होतं, "माझ्याकडे ऐंशी लाखांची इस्टेट आहे ना, मग मी गरीब कसा झालो?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. जागा गरजेच्या दिवशी विकली जात नाही. ती तिच्या वेळेने विकली जाते, आणि घाई दिसली की भाव पडतो.

म्हणून माझा हिशेब असा असतो. निवृत्तीनंतर दोघांना महिन्याला जे लागणार आहे त्याची व्यवस्था आधी व्याजातून करा. तुम्ही ५८ ला निवृत्त झालात की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतील. ५५ नंतर निवृत्त होणाऱ्याला साठीपर्यंत थांबावं लागत नाही, फक्त निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. प्रत्येकी ३० लाखांची मर्यादा आहे. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, त्यावर कर लागतो हे धरून चाला. औषधपाण्याला वेगळे सहा-आठ लाख लगेच मोडता येतील असे ठेवा. हे सगळं बाजूला काढून जे उरेल त्यातलाच पैसा जागेत जाऊ द्या. तुमच्या बाबतीत ते निवृत्तीच्या दिवशी बघू. आज पीएफला हात लावायचं कारण मला दिसत नाही.

मग आज सुरुवात करायचीच नाही का? करायची, पण लहान आणि पगाराच्या बळावर. एफडीच्या १४ लाखांतले ५ लाख मुलीसाठी आणि अडीअडचणीसाठी अजिबात मोजू नका. उरले ९. एवढ्यात पाथर्डी फाट्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट नाही, पण २०-२२ लाखांच्या आसपासचा जुना एक बेडरूमचा फ्लॅट शोधता येतो. अंबड-सातपूरच्या कामगारवस्तीजवळ, नाशिकरोडला, आडगावकडे मेडिकल कॉलेजच्या बाजूला, अमृतधामला इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी. अशा घरांचं भाडं किमतीच्या मानाने मोठ्या घरांपेक्षा बरं सुटतं आणि रिकामं राहण्याचे दिवस कमी असतात. कॉलेज रोडचा मोठा फ्लॅट राहायला छान, पण भाड्याच्या हिशेबात तो बसत नाही.

कर्ज १५ लाख, वहिनींच्या नावावर, कारण त्यांच्या नोकरीची अकरा वर्षं बाकी आहेत आणि तुमची सहाच. दहा वर्षांसाठी पावणेनऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे १८,८०० येतो. भाडं ८,५०० आलं तर खिशातून महिना दहा-साडेदहा हजार. हे तुम्ही दोघं पेलू शकता. भाडेकरू नसला तरीही पेलू शकता का, ते मात्र एकदा बसून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. देते म्हणून तेवढं घेऊ नका.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा संध्याकाळी साडेसातला जा. कामगार भाडेकरू कुठे राहतात, गाड्या कुठे लागतात, पाणी किती वाजता येतं, सगळं तेव्हा दिसतं. एप्रिल-मे मध्ये एक फेरी मारा. गेटवर टँकर उभा असेल तर मेंटेनन्सचा आकडा उन्हाळ्यात वेगळा असतो असं समजा. वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या आजींना विचारा, दलालाला शेवटी. घरपट्टीची पावती मागून घ्या. १ एप्रिल २०१८ नंतरच्या मिळकतींना वाढीव भाडेमूल्याचे दर लागले, त्यामुळे शेजारच्या जुन्या इमारतीची घरपट्टी कमी आणि नव्याची जास्त असं दिसतं. तुम्ही भाड्याने देणार आहात हे सांगूनच दर विचारा.

नदीकाठ. २००८ च्या सप्टेंबरातला पूर बघितलेल्यांना सांगायला नको. पण नव्याने आलेले लोक आनंदवल्ली, गंगापूर रोडच्या बाजूला "रिव्हर व्ह्यू" बघून हरखतात. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटी असतात. गोदावरीच नव्हे, नासर्डी आणि वालदेवीलाही रेषा आहेत. भाग नकाशावर ती बघा. जुन्या इमारतीच्या पार्किंगच्या भिंतीवर ओलीची जुनी खूण असते, ती नकाशापेक्षा लवकर सांगते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेऊ नका, पहिल्यांदा तरी. हप्ता सुरू, भाडं नाही, ताबा कधी ते माहीत नाही, वर ५ टक्के जीएसटी. ४५ लाख आणि ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतलं घर असेल तर १ टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाहीच. तरी नवीनच घ्यायचं असेल तर महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ताब्याची तारीख किती वेळा वाढवली आहे, किती फ्लॅट विकले, कोर्टात काय चालू आहे, सगळं तिथे असतं. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. कुणी मागत असेल तर तिथूनच परत फिरा. करारात बिल्टअप, सुपर बिल्टअप असले शब्द नकोत, कार्पेट किती ते हवं.

जुन्या फ्लॅटला कागद असे लागतील: विकणाऱ्याची मागची सगळी खरेदीखतं साखळीने, सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचा ना हरकत दाखला आणि शेअर सर्टिफिकेट, जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावे झालं आहे का ते, आणि वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल. वकील तुम्ही निवडलेला हवा, विकणाऱ्याचा नको. बँक कर्ज देते म्हणजे कागद शुद्धच आहेत असं धरू नका. बँक तिच्या १५ लाखांपुरतं बघते, तुमचे सात लाख बघायला दुसरं कुणी नाही. देशदूतसारख्या स्थानिक दैनिकात १५ दिवसांची जाहीर नोटीस द्या. खर्च थोडा येतो, आणि लपलेला हक्कदार असेल तर तो याच दिवसांत समोर येतो.

"थोडे रोख, थोडे चेकने" हे कुणी सुचवलं तर नाही म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. तुमचं नुकसान वेगळं आहे. उद्या विकताना खरेदीची किंमत कागदावर कमी दिसेल आणि तो न झालेला नफा तुमच्या अंगावर येईल. शिवाय कागदावरची किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरक विकत घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतो.

भाडेकरूशी लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी करूनच करा, ११ महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं मालकाची जबाबदारी आहे. पोलीस पडताळणीचा अर्जही करा. ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर घर दिलेले मालक माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि भाड्याच्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं. त्यामुळे तुमच्यासारख्या मिळकतीवर सुरुवातीची वर्षं कर फारसा लागत नाही.

आणि एवढं सगळं आत्ता नकोच वाटलं तर? रीट नावाची सोय आहे. भारतात पहिलं २०१९ मध्ये शेअर बाजारात आलं. मोठ्या ऑफिस इमारतींचा छोटा हिस्सा, एक युनिट काही शे रुपयांना मिळतं. वाटपासाठी उपलब्ध रकमेतले किमान ९० टक्के त्यांना युनिटधारकांना द्यावे लागतात. भाव वरखाली होतो, पण एका फोनवर विकता येतं. महिना पाच हजार त्यात घालून दोन वर्षं बघणं हीसुद्धा जागेतली सुरुवातच आहे, आणि तेवढ्या काळात वहिनींसोबत वीसेक फ्लॅट बघून होतील. मी स्वतः पहिला फ्लॅट घेण्याआधी चाळीसेक बघितले होते.

आता शनिवारचं. मेव्हण्याला तोडून बोलू नका, त्याने तुमचं भलंच चिंतलं असेल. त्याला एवढंच सांगा की पैसे तयार आहेत, पण आधी गट नंबर दे. तो मिळाला की सातबारा आणि ८ अ ऑनलाइन काढा, सगळे फेरफार क्रमाने काढून बहिणी-आत्यांची नावं बघा, आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्या. सगळं मिळून शंभर-दोनशे रुपयांत होतं. हे कागद येईपर्यंत ५१ हजार तुमच्याच खात्यात राहू द्या. विकणारा "सोमवारी दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणाला तर त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या. कागद हातात आले की मला दाखवा, मी वाचून देतो.